नवव्या नावासमोरचा गोल

प्रिय मंजूषा,

आधी हे सांगते की माझी तब्येत उत्तम आहे, गुडघासुद्धा आज गप्प आहे, आणि कोथिंबीर निवडून डब्यात ठेवली आहे. एका घरात राहून सासूनं सुनेला पत्र लिहायचं म्हटल्यावर सारंग पोट धरून हसेल. हसू दे. तू या वाऱ्यात दारोदार पत्रकं वाटत फिरते आहेस, रविवार असूनही तो लॅपटॉपला चिकटलाय, आणि मी संहिताच्या चौकटीच्या वहीतलं पान घेऊन खिडकीशी बसले आहे. तोंडानं बोलायला गेले की तू "आई, मी बघते ना" म्हणतेस आणि माझी गाडी तिथंच थांबते. कागद असा मध्ये बोलत नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, शुद्ध-अशुद्ध तूच सांभाळून घे.

पहिली गोष्ट आनंदाची. काल मी आल्बर्ट हाइनच्या दुकानात दूध आणायला गेले होते, तर समोरच्या मोठ्या फळ्यावर तुमच्या पक्षाचा फोटो नवीन चिकटवलाय. तू मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी, तो मोरपंखी स्कार्फ घातलेली. मी दुधाची पिशवी खाली ठेवली आणि बघत राहिले. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिला मी हातानं थांबवलं. सुनेला इथं काय म्हणतात ते मला ऐन वेळी आठवेना, म्हणून तुझ्यावर बोट ठेवून सरळ "मैन डोख्टर" म्हटलं. माझी मुलगी. तिनं फोटो बघितला, मला बघितलं, आणि अंगठा वर केला. कुत्र्यानंही बघितलं. आपल्या सासवडला कोणी नगरपालिकेला उभं राहिलं की गल्लीत जेवणावळी उठायच्या. इथं हॉलंडात फोटोतल्या बाईची सासू दूध घेऊन पायी घरी येते. पण छाती तेवढीच फुगते हो.

तशी ती संक्रांतीपासूनच फुगलेली आहे. हळदीकुंकवाला तू वाण म्हणून सायकलचे दिवे वाटलेस ना, तेव्हा मला आधी कसंतरीच झालं होतं. वाण म्हणजे चमचा, वाटी, फार तर कुंकवाची डबी. पण ब्रेडाहून आलेल्या त्या सगळ्या बायका परत जाताना सायकलींना लाल दिवे लावून रस्त्याला लागल्या, अंधारात एक रांगच रांग लुकलुकत गेली, आणि मी दारात उभी राहून मनात म्हटलं, ही निवडून येणार. तू उगाच उभी राहिलेली नाहीस, हे मला माहीत आहे. शाळेपाशी त्या वळणावर गाडीनं आपल्या संहिताला उडवलं, तिचं खांद्याचं हाड मोडलं, त्या दिवशी दवाखान्यात तू रडली नाहीस. तू नगरपालिकेचा फोन नंबर शोधत होतीस. तेव्हापासून तुझं एकच म्हणणं, शाळेपर्यंत सायकलींचा वेगळा रस्ता झाला पाहिजे. मीही त्या वळणावरून जाताना अजून डोळे मिटते.

तर आता ती संध्याकाळ. तिच्याबद्दल आपण दोघी अजून एक अक्षरही बोललेलो नाही. मीच बोलते.

गुंजन, संपदा आणि तुझ्या मंडळातल्या बाकीच्या मैत्रिणी आल्या होत्या, मी साबुदाणा वडे तळत होते. सगळ्यांनी फोन काढून तो प्रश्नांचा खेळ सुरू केला. फोन एकेक वाक्य दाखवतो, आपण पटतं की पटत नाही ते दाबायचं, आणि शेवटी तो सांगतो की तुमचं मन कुठल्या पक्षाशी जुळतं. प्रत्येकीचा तुझाच पक्ष वर येत होता, टाळ्या पडत होत्या. मग संहिता स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आजी, तुलाही मत आहे ना, ये, तुझंही करू. मी म्हटलं, माझं काय करायचंय, मी घरातलीच. तर ती म्हणाली, घरातली असलीस म्हणून काय झालं, तुझं डोकं वेगळं आहे ना?

मंजू, मला त्यात काय गंमत वाटली ते तुला कळणार नाही, कारण तू शिकलेली आहेस. लहानपणापासून लोक तुला विचारत आले. मला तो फोन एकामागून एक विचारत होता, तुम्हाला काय वाटतं. रस्त्यावरचे दिवे रात्री मंद करावेत का? फटाके बंद करावेत का? ग्रंथालय रविवारी उघडं ठेवावं का? पोरगी डच वाचायची, माझ्यासाठी तिच्या मोडक्या मराठीत सांगायची, आणि मग दोघं थांबायची, ती आणि फोन, मी बोलेपर्यंत. कोणी घाई करत नव्हतं. कोणी माझ्याऐवजी उत्तर देत नव्हतं. तीस प्रश्न! माझ्या लग्नात मला कोणी एक विचारला नव्हता. सासवडला मतदानाला जायचे तेव्हा निघताना सासूबाई चिन्ह सांगायच्या, मी पदर सावरून जायचे आणि तेच दाबून यायचे. वाईट वाटायचं असं नाही हं. भाजीत मीठ किती घालायचं तेही त्याच सांगायच्या. पण त्या संध्याकाळी माझ्या हाताला तेल होतं, वडे थंड होत होते, आणि मी एखाद्या न्यायाधीशासारखी विचार करून सांगत होते. दिवे मंद नकोत, म्हाताऱ्यांना दिसत नाही. ग्रंथालय उघडं ठेवा. फटाके बंद करा, कुत्री घाबरतात.

त्यात ते वाक्य आलं. गावातल्या छोट्या बसचे पैसे काढून शाळेच्या सायकल रस्त्याला द्यावेत. संहितानं सांगितलं आणि मी म्हटलं, नाही. लगेच म्हटलं. नंतर तिनं विचारलं की यातल्या कुठल्या गोष्टी तुला जास्त महत्त्वाच्या वाटतात, त्यांचं वजन दुप्पट धरतात. मी म्हटलं, बस.

आणि त्या शहाणीनं निकाल मोठ्यानं वाचला. गावकऱ्यांचा पक्ष, अठ्ठ्याहत्तर टक्के. तुझा पक्ष तिसरा.

गुंजनची ती टाळी अजून माझ्या कानात आहे. "घ्या! मंजूषा, घरातलंच मत फुटलं की गं!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, पण तू हसताना खालचा ओठ दातात धरलास की मला कळतं. सारंग दारातून म्हणाला, "आई, अगं ते लोक कोण आहेत माहितीये का? त्यांच्या पत्रकावर लिहिलंय, आधी आपली माणसं. त्यात आपण नाही बसत." मला कुठून माहीत असणार? मला कोणी पक्ष विचारला नव्हता, बस विचारली होती. मी बस सांगितली. त्या तीस प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता की आजी, तुमची सून उभी आहे का? तो विचारला असता तर शंभर टक्के आले असते. मी हे तेव्हा म्हणायला हवं होतं, सगळ्या हसल्या असत्या आणि विषय संपला असता. पण मला सुचलं ते भांडी घासताना.

सगळ्या गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "आई, तिथं तिसरं बटण होतं. दोन्ही नाही, असं. ते दाबायचं होतंत." आणि खोलीचं दार लावून घेतलंस.

त्यानंतर घर कसं झालं ते तुला वेगळं सांगायला नको. तू रागावली नाहीस, आवाज चढवला नाहीस. चहा देत होतीस, गोळ्यांची आठवण करत होतीस. पण प्रचाराची गोष्ट मी खोलीत आले की थांबायची. आधी रोज जेवताना सांगायचीस, आज अमकी म्हणाली मत देईन, तमक्यानं दार आपटलं. आता मी पोळी वाढायला उठले की सारंगशी हळू बोलायचीस आणि मी बसले की मीठ मागायचीस. एकदा तर मी मीठ तुझ्या समोरच ठेवलं होतं. पक्षाच्या यादीत तू नववी, आणि नवव्या नंबरावरून आत जायचं तर लोकांनी पक्षाला नाही, तुझ्याच नावासमोरचा गोल लाल करायला हवा, आणि थोड्याशा मतांवर सगळं येऊन अडेल, हे मला तूच समजावलंस. म्हणजे माझं एक मत काही चिल्लर नव्हे. जी बाई गावभर मतं मागते आहे, तिला जेवायला बसल्यावर समोरच्या ताटाची खात्री नाही. मलाही घास गिळताना ते जाणवायचं.

मी काय केलं सांगू? एका दुपारी संहिताला धरून तो खेळ पुन्हा मांडला. म्हटलं, तुझ्या आईचा पक्ष वर येईपर्यंत उत्तरं बदलू. दिवे मंद करा म्हटलं, म्हातारे चाचपडत जातील. फटाके उडवा म्हटलं. तुझा पक्ष तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला. पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, तू फोनला फसवतेयस!" मी म्हटलं, तू वाच गपचूप. मग परत बस आली. नुसतं पटतं म्हणायचं होतं, समोर कोणी नव्हतं, तूही नव्हतीस. आणि माझा अंगठा पुढं जाईना. पोरगी वाट बघत राहिली, स्क्रीन काळी झाली, तिनं परत लावली, परत काळी झाली. शेवटी मी फोन तिच्या हातात दिला आणि डाळ बघायला उठले. डाळ काही लागली नव्हती.

त्या बसचं मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला ती रिकामी फिरणारी, आठ माणसांची डबडी बस वाटते, आणि हिशेबानं तुझं बरोबरच असेल. सारंगनं वकील लावून, दोनदा नकार येऊनही मला इथं आणलं, ते उपकार मी विसरले नाही. पण आल्यावर पहिली दोन वर्षं मी या घरातून एकटी कुठंच गेले नाही. सायकल मला या जन्मी येणार नाही. डॉक्टर, भाजी, देऊळ, सगळीकडं कोणीतरी गाडी काढायची, आणि गाडी काढणाऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून मी ठरवायचे की मला भाजी हवी आहे की नको. मग एक दिवस ती बस कोपऱ्यावर थांबली. चालवणारा हेंक, माझ्यापेक्षा म्हातारा, पेन्शनीतला, फुकट चालवतो. त्यानं हात दिला, मी चढले. कुठं जाते ते मलाच माहीत नव्हतं. ब्रेडाच्या बाजारात उतरले, मेथी समजून कसलातरी पाला घेऊन आले, तो कोणी खाल्ला नाही. पण त्या दिवशी मी घरात शिरले तेव्हा सारंगनं विचारलं, "आई, कुठं गेली होतीस?" मंजू, मला कोणी कुठं गेली होतीस असं विचारावं, एवढी मी कुठंतरी गेले होते!

म्हणून मी नाही म्हटलं. संहिताच्या खांद्यापेक्षा मला माझी भाजी मोठी वाटते म्हणून नाही. दोन्ही माझ्याच पोटाला चिमटा घेणाऱ्या गोष्टी एका वाक्यात बांधून विचारल्यात, तर मी काय करू? आणि ते तिसरं बटण मला दिसलं होतं गं. मला वाटलं, इतक्या आदरानं विचारतायत तर "काही नाही" काय म्हणायचं?

मग गेल्या आठवड्यात ते मतदानाचं कार्ड घेऊन तू माझ्या शेजारी येऊन बसलीस. म्हणालीस, "आई, बुधवारी गर्दी असते, वारं असतं, तुमचा गुडघा. पाठीमागं इथं सही करा, मी माझ्याबरोबर तुमचंही मत टाकून येते. इथं चालतं असं." माझ्या ओळखपत्राची झेरॉक्ससुद्धा तू काढूनच आणली होतीस. बोट ठेवून जागा दाखवलीस. मी पेन घेतलं. मला सही करायला वेळ लागतो, एकेक अक्षर उभं करावं लागतं, आणि तेवढा वेळ तू श्वास धरून बसली होतीस, ते मला ऐकू येत होतं. सही झाली आणि तुझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी जेवताना तू मला परत सगळं सांगितलंस, कोणाच्या दारात मांजर अंगावर आलं, कोणी कॉफी दिली. मी खूप हसले. मला वाटलं, बरं झालं बाई, एका सहीत घर परत मिळालं.

पण अंथरुणावर पडले की ती पेन्सिल डोळ्यापुढं यायची. मतदानाच्या खोलीत लाल पेन्सिल असते ना, दोरीला बांधलेली, तीच. संक्रांतीपासून मी दुपारी संहिताच्या लाल पेन्सिलनं वर्तमानपत्रावर गोल काढून ते आत भरायचा सराव करत होते, हे तुला माहीत नाही. बाहेर रंग गेला तर मत बाद होईल अशी मला भीती. आता गोल अगदी भरीव यायला लागले आहेत, एकही रेघ बाहेर नाही. आणि खोलीत जाणार तू.

परवा मी हे संहितापाशी बोलून गेले. तिला ओरडू नकोस, विषय मी काढला होता. ती ताडकन उठली. "आजी, तू सही करून दिलंस? मला सोळाव्या वर्षी मत नाही म्हणून मी रडते, आणि तू देऊन टाकलंस?" मग म्हणाली की त्यांना शाळेत शिकवलंय, असं दिलेलं कार्ड समोरच्यानं मत टाकेपर्यंत परत मागता येतं. नुसतं मागायचं. कारण सांगावं लागत नाही. ते ऐकल्यापासून मी दोन दिवस तुझ्याभोवती घुटमळते आहे. तू विचारलंस, आई, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, पाणी प्यायला आले होते. इतकं पाणी मी आयुष्यात प्याले नव्हते.

आता एक जुनी गोष्ट आणि मग संपवते. मी आले त्या पहिल्या संक्रांतीला तुझ्याकडं पंचवीसएक बायका जमल्या होत्या. हे जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मी आपली स्वयंपाकघरात तिळगूळ ताटलीत लावत होते, बाहेर यायचा प्रश्नच नव्हता, मला कोणी सांगावंही लागलं नाही. तू करंडा घेऊन आत आलीस. सगळ्यांच्या आधी माझ्याकडं. आणि लावलं नाहीस. उभी राहिलीस आणि विचारलंस, "आई, लावू का? तुम्हाला नको असेल तर नाही लावणार." बाहेर बायका खोळंबल्या होत्या, तू करंडा धरून तशीच उभी. मी हो म्हटल्यावरच तुझं बोट वर आलं. फोनबिन नंतर आले गं. मला काय वाटतं हे या जगात पहिल्यांदा थांबून विचारलंस ते तू. सवय तूच लावलीस. त्या कार्डाच्या दिवशी मात्र विचारलं नाहीस, जागा दाखवलीस.

म्हणून हे पत्र. माझं कार्ड मला परत दे, मंजू. उद्या सकाळी चहाच्या कपाशेजारी ठेव, काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. बुधवारी मला तुझ्याबरोबर ने, गुडघ्याचं मी बघते. तू तुझ्या खोक्यात जा, मी माझ्या, आणि बाहेर आल्यावर कोणाचा गोल लाल केला ते तू मला विचारू नकोस आणि मी सांगणार नाही. निवडून आलीस तर पेढे मी करणार, आणि गावातली पहिली बाई म्हणून तुझ्यासमोर बसचा प्रश्न घेऊन उभीही मीच राहणार, तेव्हा मला आई म्हणून गप्प करू नकोस. नाही आलीस तर तुझ्या मनात एक शंका कायमची राहील की घरातलं मत फुटलं असेल का. ते ओझं मी तुझ्यावर टाकते आहे हे मला कळतंय. तरी मागते आहे. त्या दिवशी मी हो म्हणेपर्यंत करंडा धरून उभी होतीस ना, तशीच आता एवढा वेळ उभी राहा.

तुझीच,
आई